कॅरॅव्हॅनचं टॉयलेट गळतंय? आधी पाणी कुठलं ते ओळखा

मागच्या मे महिन्यात देवलापारजवळ एका ढाब्यावर गाडी लावली, मागचं दार उघडलं आणि टॉयलेटसमोरच्या पायपुसण्यावर पाय पडला तो पचकन. मला वाटलं, खालची टाकीच गळाली. ट्रिप सोडून नागपूरला परतलो, टाकी काढली, धुतली, सील बदललं. दुसऱ्या दिवशी पायपुसणं पुन्हा ओलं! गळत होता तो जेट स्प्रेच्या नळीचा जोड. चांगलं पिण्याचं पाणी, आणि आत १० रुपयांचं वायसर.

म्हणून पान्हा-पेचकस हातात घेण्याआधी एकच शोधा: गळतंय ते पिण्याच्या टाकीतून येणारं स्वच्छ पाणी, की भांड्याखालच्या टाकीतलं घाण पाणी?

आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये बहुतेक कॅसेट टॉयलेट असतं. वर भांडं, त्याच्या तळाशी सरकती झडप, झडपेला लागून रबराचं सील आणि त्याखाली बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची टाकी. टाकीत साधारण १७ ते २० लिटर मावतात. पुढचं सगळं या प्रकाराबद्दल आहे.

हातमोजे घाला आणि पाण्याचा पंप बंद करा. टॉयलेटचा पाया, मागचे पाइप आणि टाकीचा कप्पा फडक्याने कोरडे करून सगळीकडे जुने पेपर अंथरा. ओल पेपरावर लगेच डाग पाडते, प्लॅस्टिकवर ती डोळ्याला दिसत नाही.

आता पंप चालू करा, पण फ्लश दाबू नका आणि एकही नळ उघडू नका. पंधरा मिनिटं नुसता आवाज ऐका. पंप मधूनच आपोआप घर्र करून थांबत असेल, तर स्वच्छ पाणी कुठून तरी निसटतंय. नळ्यांच्या क्लिपा, जेट स्प्रेचा जोड आणि फ्लशचा व्हॉल्व्ह या क्रमाने हात फिरवून बघा. ढिली क्लिप आवळा, वायसर बदला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. प्लॅस्टिकचे आटे हाताने घट्ट झाले की वर फक्त पाव फेरा द्या, जोर लावला तर चिरतात. बोअरचं पाणी भरत असाल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार बसून तो पुरता मिटत नाही आणि भांड्यात बारीक धार चालूच राहते. व्हॉल्व्ह काढून व्हिनेगरमध्ये भिजवला की बहुतेक वेळा सुधारतो.

पंप गप्प असेल तर संशय झडपेवर. भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, त्यात चिमूटभर खाण्याचा रंग टाका, जिलेबीचा केशरी असला तरी चालतो. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि अर्धा तास चहा-बिहा घेऊन या. पातळी उतरली तर सील धरत नाही. कप्प्यातल्या पेपरावर केशरी डाग आला, तर टाकी आणि भांडं जिथे टेकतात तिथूनच पाणी बाहेर जातंय.

आता लगेच नवं सील मागवू नका. भांड्यातलं पाणी खाली सोडा, झडप बंद करून टाकी ओढून काढा, रिकामी करा, खळखळून धुवा. मग झडप उघडून सीलच्या कडेवरून बोट फिरवा. चुन्यासारखी खर, कागदाचा अडकलेला तुकडा, नाहीतर लाकडासारखं कडक झालेलं रबर, यातलं काहीतरी हाताला लागेलच. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सील साफ करा, कोरडं करा आणि सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या. तो नसेल तर ऑलिव्ह ऑइल. व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. स्वयंपाकघरातलं सोयाबीन किंवा जवसाचंही नको. जवसाचं तेल हवेत सुकून चिकट थर होतं आणि झडपच अडकते. आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर तर सीलचा वैरीच. एवढं करूनही पातळी उतरली, किंवा रबराला चीर दिसली, तरच नवं घ्या. तसंही दोन-तीन वर्षांनी ते बदलावं लागतंच. नागपूरच्या ४५ अंशांत गाडी उघड्यावर उभी असेल तर त्याहीआधी.

कधी कधी दोन्ही चाचण्या साफ निघतात आणि तरी रस्त्यावर कप्पा ओला होतो. यात टॉयलेटचा दोष नसतो, आपल्या सवयीचा असतो. हे यंत्र कागद वापरणाऱ्यांसाठी बनलेलं आहे आणि आपण वापरतो मगभर पाणी. दर खेपेला एक-दीड लिटर गेलं तर चार माणसांच्या घरात टाकी एका दिवसातच काठोकाठ भरते, मग स्पीडब्रेकरवर उसळून वरच्या हवेच्या सीलमधून बाहेर येते. पाऊण भरली की रिकामी करायची, इंडिकेटरच्या लाल दिव्याची वाट बघायची नाही. ओतायची ती घरच्या किंवा मुक्कामाच्या संडासात. नाल्यात तर मुळीच नाही बाप्पा.

ओतायच्या तोंडाचं झाकण पाझरत असेल तर आतली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, धुऊन, तेल लावून पुन्हा बसवा. टाकीलाच तडा गेला असेल तर एम-सील आणि फेविक्विकवर पैसे घालवू नका, त्या प्लॅस्टिकला ते धरत नाहीत. टाकी नवीच घ्यावी लागते.

सगळं जोडल्यावर टाकीत पाच लिटर साधं पाणी घाला, कप्प्यात नवा पेपर अंथरा आणि रिंग रोडवर एक चक्कर मारून या. पेपर कोरडा निघाला की काम झालं. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी कोरडी करून झडप उघडी ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात रबर झडपेला चिकटून बसतं. आणि टाकीवरच्या मॉडेल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. नागपूरच्या इतवारी बाजारात वायसर-क्लिपा मिळतात, पण सील ऑनलाइनच मागवावं लागतं आणि नंबर चुकला तर ते बसत नाही.