सिमेंटिंगच्या आधी विहीर धुवायला पर्यावरणपूरक फ्लुइड कसं निवडायचं

तेल-गॅसच्या विहिरीत ऑइल बेस किंवा सिंथेटिक मडने (ड्रिलिंग करताना फिरवायचा द्रव) ड्रिलिंग केलं की केसिंगवर (विहिरीत बसवलेला स्टीलचा पाइप) आणि खडकावर तेलाचा थर राहतो, या दोघांच्या मधे भरायचं सिमेंट तर पाण्यात कालवलेलं, ते तेलकट जागेला धरतच नाही, मग बारीक फट राहते आणि तिथूनच पुढे गॅस वर येतो. म्हणून सिमेंटच्या पुढे वॉश (तेल धुऊन काढणारं पातळ फ्लुइड) आणि स्पेसर (मड आणि सिमेंट वेगळं ठेवणारं जाडसर फ्लुइड) सोडतात. आधी यात डिझेल, झायलीन चालायचं, ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या विहिरींवर, आता ते नकोच.

पहिल्यांदा सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं तेल सोडवणारं रसायन, बघा. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट असेल तर सरळ बाजूला ठेवा, ते मोडून नोनिलफिनॉल बनतं आणि त्याने माशांच्या हार्मोनची गडबड होते. त्याऐवजी अल्किल पॉलिग्लुकोसाइड घ्या, साखर आणि वनस्पती तेलापासून बनतं, लवकर विघटन होतं. सॉल्व्हंट लागलाच तर सोयाबीनचा मिथाइल एस्टर बघा. संत्र्याच्या सालीतलं डी-लिमोनीन नैसर्गिक आहे म्हणून लोक डोळे झाकून घेतात पण जलचरांना ते विषारी आहे, आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) साधारण 50 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे रिगवर जपूनच.

डब्यावर 'बायोडिग्रेडेबल' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. समुद्राच्या पाण्यात किती विघटन होतं हे मोजणारी ओईसीडी 306 टेस्ट मागा, ती साधारण 28 दिवसांची असते. नॉर्थ सीमध्ये ऑस्पारचे (ईशान्य अटलांटिक समुद्र जपण्याचा करार) नियम आहेत, त्यांची प्लोनॉर यादी, म्हणजे समुद्राला फारसा धोका नसलेल्या रसायनांची यादी, मुंबई हायवर काम करणाऱ्यांनीही चाळावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःच्या मडवर टेस्ट करा, कारण साफच न करणारं ग्रीन फ्लुइड समुद्राला जास्त महाग पडतं. व्हिस्कोमीटरच्या (द्रवाचा घट्टपणा मोजणारं यंत्र) रोटरचं, म्हणजे फिरणाऱ्या नळीचं, वजन करा, मडमध्ये फिरवा, परत वजन, मग विहिरीच्या तापमानाला गरम केलेल्या वॉशमध्ये 10 मिनिटं फिरवून पुन्हा वजन, किती मड निघालं ते लगेच कळतं. धुतलेल्या रोटरवर पाण्याचा थेंब टाका, पसरला तर ठीक, गोळा होऊन बसला तर सर्फॅक्टंट वाढवा नाहीतर बदला. मड आणि स्पेसर 95:5, 75:25, 50:50, 25:75, 5:95 असं मिसळूनही बघा, घट्ट झालं तर पंप करू नका.

स्पेसरची डेन्सिटी मडपेक्षा जास्त, सिमेंटपेक्षा कमी ठेवा. निदान 10 मिनिटं कॉन्टॅक्ट मिळू द्या, केसिंग विहिरीच्या मधोमध ठेवणारे सेंट्रलायझर लावा, जमलं तर केसिंग फिरवा. वर परत आलेलं मड-स्पेसर मिश्रण मात्र वेगळ्या टाकीतच घ्या, त्यात तेल असतं, समुद्रात सोडायचं नाही.