ओळखीच्या वर्तुळाबाहेर माल कसा विकावा : इंदूरमधील नव्या गृहउद्योजकांसाठी

नव्या व्यवसायाला जाहिरातीविषयी जे सल्ले मिळतात, त्यांतील बहुतेक बोधचिन्ह, रंगसंगती आणि रील यांपासून सुरू होतात आणि तेथेच संपतात. मी इंदूरमध्ये अनेक वर्षे थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट विकत आहे, आणि या काळात लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, रामबाग या भागांतील बऱ्याच जणींना व्यवसाय उभा करायला मदतही केली आहे. उत्साहाने सुरू झालेला व्यवसाय दुसऱ्या वर्षी मंदावतो, तेव्हा त्यामागे बोधचिन्ह कधीच नसते. नातेवाईक, शेजारी आणि मंडळातील परिचित यांनी केलेली खरेदी हीच बाजारातील मागणी आहे असे धरून चालल्यामुळे तो मंदावतो. पुढील पायऱ्या ही चूक टाळण्यासाठी आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, स्वयंपाकघराची स्वच्छता आणि मालाचा सारखा दर्जा या गोष्टी झालेल्या आहेत असे मी गृहीत धरते.

१. विकायच्या वस्तू दोनच ठेवाव्यात

पहिल्याच पत्रकावर बावीस पदार्थांची यादी छापणारा माणूस कशासाठी लक्षात राहील? दोन वस्तू निवडाव्यात आणि त्यांत शेव किंवा साधा चिवडा नसावा. या शहरात नमकीनचे दुकान प्रत्येक वळणावर आहे, तेथे भाव चढाओढीने ठरतो आणि घरगुती कढई त्या चढाओढीत टिकत नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उपवासाची भाजणी या वस्तूंना कोपऱ्यावरच्या दुकानाशी तुलना नसते, हा त्यांचा मोठा फायदा आहे.

२. नाव, पाकीट, लेबल

एका दिवसात उरकावे. नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते आणि पत्ता, एवढे तरी लेबलावर ठळक वाचता आले पाहिजे.

३. जाहिरातीपूर्वी किंमत पक्की करावी

किंमत ठरवताना धान्य, भाजायचा गॅस, चक्कीचे दळण, पाकीट आणि स्वतःची मजुरी हे सर्व धरावे. स्वतःची मजुरी न धरणे ही आपल्या घरांतील जुनी खोड आहे, आणि ती असेपर्यंत जाहिरातीवर किती खर्च परवडतो हे कधीच कळत नाही.

उदाहरणादाखल अर्धा किलो भाजणीला सर्व मिळून १०० रुपये खर्च येतो आणि विक्रीची किंमत १५० रुपये आहे असे समजू. उद्घाटनाची म्हणून दहा टक्के सूट दिली तर ग्राहकाला १५ रुपये वाचल्याचे फारसे जाणवत नाही, परंतु आपली शिल्लक ५० वरून ३५ वर येते. शंभर पाकिटांवर जेवढे मिळाले असते, तेवढे मिळवण्यासाठी आता १४३ पाकिटे विकावी लागतात, म्हणजे तेवढी अधिक भाजणी भाजावी लागते. शिवाय सूट बंद केल्यावर तीच मूळ किंमत लोकांना वाढवलेली वाटू लागते. सुरुवातीची सूट देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. अनोळखी गिऱ्हाईक

माझा सर्वात जास्त वेळ याच पायरीने घेतला आणि याविषयी सर्वात कमी बोलले जाते, म्हणून येथे विस्ताराने लिहिते.

ओळखीचा माणूस आपल्याकडून पहिल्यांदा घेतो ते प्रेमापोटी, आणि चांगले झाले आहे असे सांगतो तेही प्रेमापोटी. त्यात खोटेपणा नाही, पण माहितीही नाही. ज्या घरात आजी भाजणी करत असे त्या घराला भाजणी का घ्यावी हे सांगावे लागत नाही, त्यामुळे ते सांगण्याचा सराव आपल्याला कधी होतच नाही. आणि इंदूरमध्ये अशा घरांची संख्या मर्यादित आहे. ती घरे संपली की विक्री थांबते आणि आपण जाहिरात कमी पडली असे समजून पैसे खर्च करू लागतो. म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या याद्या ठेवाव्यात, एक ओळखीच्यांची आणि दुसरी अनोळखी ग्राहकांची. व्यवसाय चालतो आहे की नाही याचा निर्णय दुसऱ्या यादीतील किती जणांनी आपण आठवण करून न देता पुन्हा मागवले, एवढ्यावरच करावा. पहिल्या यादीतील विक्रीने घरखर्चाला हातभार लागेल, पण निर्णय तिच्यावर घेऊ नयेत.

अनोळखी ग्राहक शोधायला संपूर्ण शहर अंगावर घेऊ नये. विजयनगर किंवा निपानियाकडील एखादी मोठी वसाहत निवडावी, रहिवासी संघाची परवानगी घ्यावी आणि रविवारी सकाळी फाटकाजवळ एक टेबल मांडावे. मराठी वस्तीतील फाटक मुद्दाम टाळावे. तेथे विक्री अधिक होईल, पण आपण ज्यासाठी गेलो ते काम होणार नाही. टेबलावर फक्त पाकिटांचे मनोरे रचून बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ज्याने थालीपीठ कधी खाल्ले नाही त्याच्या दृष्टीने पाकिटातील भाजणी हे करड्या रंगाचे पीठ आहे आणि पीठ त्याच्या घरी आहेच. शेगडी आणि तवा सोबत न्यावा, थालीपीठ तेथेच लावावे आणि दह्यासोबत किंवा लोण्यासोबत गरम तुकडा हातात द्यावा. भाजलेल्या धण्याजिऱ्याचा वास आपल्या पत्रकापेक्षा जास्त लोकांना थांबवतो.

पाकिटावर कृती हिंदीत आणि मोठ्या अक्षरांत असावी, कारण तव्यापाशी उभे राहून ती वाचली जाणार आहे: कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून कोमट पाण्यात मळणे, तेल लावलेल्या तव्यावर थापणे, मध्ये भोके पाडून तेल सोडणे, झाकण ठेवून एक बाजू होऊ देणे. एवढे पुरे. आपल्या घराण्याची परंपरा, अस्सलपणा आणि शुद्धता यांवरील परिच्छेद तेथे छापू नये, कारण त्याने कोणाचेही थालीपीठ तव्यावरून सुटत नाही.

गोड्या मसाल्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे. या मसाल्याला अनोळखी माणूस गरम मसाल्याच्या जागी वापरतो, पनीरच्या भाजीत दोन चमचे टाकतो आणि खोबरे, तीळ, दगडफूल यांची ती निराळी चव न आवडल्याने पाकीट बाजूला ठेवतो. नंतर तो तक्रार करत नाही, फक्त परत येत नाही. म्हणून गोडा मसाला 'मराठी गरम मसाला' म्हणून कधीही विकू नये. आमटी किंवा भरली वांगी यांपैकी एकाच पदार्थाशी त्याची सांगड घालावी, त्या पदार्थाची कृती सोबत द्यावी आणि बाकीचे उपयोग दुसऱ्या खरेदीच्या वेळी सांगावेत.

नमुन्याची पाकिटे फुकट देऊ नयेत. तव्यावरचा तुकडा फुकट द्यावा, पण घरी नेण्याचे पाकीट लहान करून, दोनशे ग्रॅमचे, योग्य किमतीला विकावे. चार-पाच थालीपिठांपुरते पीठ घेताना माणूस फार विचार करत नाही, आणि पैसे दिलेले असल्यामुळे ते कपाटात पडून राहत नाही.

एकाच ठिकाणी सलग निदान चार रविवार जावे. पहिल्या रविवारी लोक बघून जातात, दुसऱ्या रविवारी ओळखतात, आणि पहिल्या दिवशी नेलेले पाकीट संपले की नाही हे तिसऱ्या किंवा चौथ्या रविवारी कळते. पहिल्या रविवारच्या कमी विक्रीवरून जागा बदलणारे लोक प्रत्येक वसाहतीत पहिलाच रविवार पुन्हा पुन्हा करत राहतात. परत आलेल्या माणसाला 'कसे वाटले?' असे विचारू नये. सभ्य माणूस 'छान' म्हणेल आणि संभाषण संपेल. कशात वापरले, घरात कोणी खाल्ले, पाकीट संपले का, असे विचारावे. मुलांना डब्यात दिले, असे तीन जणींनी सांगितले तर पुढच्या रविवारी टेबलावरील पाटीवर तेच लिहावे. जाहिरातीचा मजकूर अशा उत्तरांतून मिळतो, घरी बसून सुचत नाही.

५. व्हॉट्सअ‍ॅप

येथील चूक फारच सामान्य आहे. ब्रॉडकास्ट यादीतील, म्हणजे एकाच वेळी अनेकांना स्वतंत्रपणे पाठवलेला, संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला आहे. आणि एका यादीत २५६ जणच बसतात. क्रमांक जमवून संदेश पाठवणाऱ्यांना उत्तरे का येत नाहीत, याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून टेबलापाशी पैसे घेतानाच आपला क्रमांक जतन करण्याची विनंती करावी. लोकांना न विचारता गटात घालू नये, सुप्रभात पाठवू नये, आणि ताजा माल तयार झाल्याशिवाय काहीही पाठवू नये. व्यवसायासाठीच्या अ‍ॅपमध्ये वस्तूंची सूची छायाचित्र आणि किमतीसह भरता येते, ती भरावी. 'किंमत इनबॉक्समध्ये' हा प्रकार माणसाला पळवून लावतो.

६. गूगल नकाशा

व्यवसायाची नोंद मोफत होते. घराचा पत्ता दाखवायचा नसेल तर तो लपवून फक्त सेवा देण्याचा भाग लिहिता येतो.

७. पत्रके आणि फलक

भिंतींवर व विजेच्या खांबांवर काहीही चिकटवू नये. मध्य प्रदेशात त्याविरुद्ध १९९४ चा संपत्ती विरूपण निवारण अधिनियम आहे. शिवाय २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या शहरात आपले पत्रक रस्त्यावर पडलेले दिसणे ही स्वतःच्या खर्चाने करून घेतलेली बदनामी आहे.

८. पैसे देऊन केलेली जाहिरात

ती सर्वात शेवटी, अनोळखी ग्राहक स्वतःहून परत येऊ लागल्यावरच करावी. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरील 'बूस्ट'चे, म्हणजे पैसे भरून पोस्ट अधिक लोकांना दाखवण्याचे, बटण दाबून संपूर्ण इंदूर निवडू नये. जेथे आपले टेबल लागते त्या वसाहतीभोवतालचा लहान भाग निवडावा, जेणेकरून जाहिरात पाहणाऱ्याला टेबलही दिसेल. प्रत्येक नव्या ग्राहकाला 'आमच्याविषयी कोठून कळले?' हे विचारून वहीत लिहावे. १,५०० रुपयांच्या जाहिरातीतून बारा नवे ग्राहक आले तर एक ग्राहक १२५ रुपयांना पडला. पाकिटामागे ५० रुपये शिल्लक असेल तर त्याच्या तिसऱ्या पाकिटापर्यंत आपण तोट्यातच आहोत. नवे ग्राहक साधारण किती पाकिटे घेतात हे वहीतून सांगता येत नसेल, तर ही जाहिरात करण्याची वेळ अजून आलेली नाही. पसंतीच्या अंगठ्यांची, म्हणजे 'लाइक'ची, संख्या या हिशेबात कोठेही येत नाही.

९. दिवाळी

दिवाळीत मागणी आपोआप येते, त्यामुळे तेव्हा जाहिरात करू नये आणि ऑर्डर घेणे लवकर बंद करावे. अनारशाचे तांदूळच तीन दिवस भिजावे लागतात. शेवटच्या आठवड्यात 'बघते, जमवते' असे म्हणून घेतलेली ऑर्डर उशिरा जाते, आणि जो प्रथमच आपल्याकडून घेत आहे त्याच्या दृष्टीने तेवढीच आपली ओळख असते. अशा नव्या लोकांना स्पष्ट नकार द्यावा, त्यांचे क्रमांक दुसऱ्या यादीच्या शेवटी लिहून घ्यावेत आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ताजी भाजणी झाल्याचे त्यांना स्वतः फोन करून कळवावे.