टॅरंटुलाच्या डब्याला ऊब देताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणारी बेळगाव-खानापूरकडची पोरं विचारायला लागतात, "दादा, हीट मॅट कुठली घेऊ?" हीट मॅट म्हणजे डब्याला ऊब देणारी विजेची चटई. रात्री पारा 13-14 अंशांवर येतो खरा, पण तो अंगणातला. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत सहसा 19-20 अंश असतात आणि बहुतेक टॅरंटुलांना तेवढं पुरतं. खाणं कमी होतं, हालचाल मंदावते, एवढंच. आधी खोलीत थर्मामीटर लावा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे डब्याखाली मॅट ठेवणं. मागच्या थंडीत खानापूरच्या एका पोरानं बोलावलं. मेक्सिकन रेड नी जातीची टॅरंटुला, प्लास्टिकचा डबा, खाली मॅट, तीही थेट प्लगात. "चार दिवस बिळातून बाहेरच येईना, झोपलीय वाटतं." मी डब्यातल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, बोट घातलं. वर कोमट, तळाला बोट टेकवेना. रानात ऊन वरून येतं, म्हणून तापलं की टॅरंटुला खोल जाते. ही बिचारी गारव्यासाठी खाली गेली आणि भाजत राहिली. पोट सुरकुतलेलं, पाय अंगाखाली मुडपलेले. कोळ्याचे पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबानं. अंगातलं पाणी आटलं की ते आत वळतात. बशीतल्या पाण्याला तिचं तोंड लावून ठेवलं, श्वासाची छिद्रं पोटाखाली असतात म्हणून पोट कोरडं ठेवलं. पहाटे ती गेली. मला अजून वाईट वाटतं.

मॅट हवीच असेल तर डब्याच्या एका बाजूला, बाहेरून लावा. ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय नकोच. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅट आणि डब्याच्या मध्ये चिकटपट्टीनं घट्ट बसवा. तो सुटून पडला तर त्याला खोलीची थंडी लागते आणि मॅट तापतच राहते. असं लावून दिलेल्या प्रत्येक घरी मी गेलो की आधी प्रोब ओढून बघतो.

बल्ब नको, डबा कोरडा पडतो. गरम पाण्याचा फवाराही नको. रात्री लाइट गेली तर घाबरू नका, सकाळपर्यंत काही होत नाही.

पिल्लू लवकर मोठं व्हावं म्हणून तापवणाऱ्यांना माझं एकच सांगणं, कोंबडी पाळा. माझे डबे आतल्या खोलीत, लाकडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतात. फरशीवर नाही, बाहेरच्या भिंतीलाही नाही. मॅट एकही नाही.

आणि खाणं सोडलं की लगेच थंडीवर ढकलू नका. कात टाकायच्या आधी त्या कित्येक आठवडे उपाशी राहतात. तेव्हा पाण्याची बशी भरून ठेवा आणि डब्याला हात लावू नका.