गाडीचा ईसीयू (गाडीतला छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) डीबग करायचाय? मग आधी मोजायला शिका

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव म्हटलं की फौंड्री आणि मशीन शॉप, त्यामुळं इथली इलेक्ट्रॉनिक्सची पोरं विचारतात की एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रातल्या अशा छोट्या कॉम्प्युटरच्या कामात, जायचं तर काय शिकू. सी भाषा पाहिजेच भावांनो, पण त्याच्याइतकंच मोजमाप पण यायला पाहिजे.

कॉलेजात ब्रेकपॉइंट लावून कोड थांबवायची सवय लागते. चालत्या गाडीत ते जमत नाही. कंट्रोलर थांबला की त्याचे कॅनवरचे (ईसीयू एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन) मेसेज बंद, बाकीचे ईसीयू फॉल्ट टाकतात, वॉचडॉग (कोड अडकलाय का बघणारा टायमर) रीसेट मारतो, आणि ज्या बगच्या मागं लागलाय तो राहतो बाजूलाच. म्हणून कोड चालू ठेवून एक्ससीपीवरनं (चालत्या ईसीयूची मेमरी बाहेरनं वाचायचा प्रोटोकॉल) व्हेरिएबल वाचायचे, कॅनेप नाहीतर इंका टूलमध्ये. त्यात ए२एल फाईल (कुठला व्हेरिएबल कुठल्या ॲड्रेसला याची यादी) आणि ईसीयूतला बिल्ड एकच आहे का हे आधी बघा, नाहीतर भलत्याच ॲड्रेसवरचे आकडे येतात आणि ते खरे वाटतात, हे लई घातक.

आमच्याकडं एक गाडी होती, पन्हाळ्याच्या चढाला एकदम नीट, पण खड्ड्यातनं गेली की स्पीड क्षणभर शून्य. १०० मिलिसेकंदाच्या रास्टरला, म्हणजे दर १०० मिलिसेकंदाला एकदा मोजून, काहीच दिसंना, १० ला घेतल्यावर तो शून्य सापडला, आणि त्याच वेळेचा कॅन लॉग शेजारी लावला तर तिथं एरर फ्रेम (मेसेज बिघडल्याची खूण), स्पीडचा मेसेज गायब, म्हणून टाइमआउटच्या कोडनं शून्य भरलेला. मग बॅटरी काढून कॅन हाय आणि लोच्या मधे मल्टीमीटर लावला. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात म्हणून ६० दिसायला पाहिजे, पण हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवला की १२० व्हायचं. कनेक्टरची पिन ढिली. तरी माझं मत असं की कोडपण बदलायलाच पाहिजे होता, मेसेज आला नाही म्हणून स्पीड शून्य धरणं चूकच, व्हॅल्यू इनव्हॅलिड आहे असा फ्लॅग द्यायचा.

घरी शिकायचं तर कॅनवाले दोन साधे बोर्ड, एक यूएसबी कॅन ॲडॉप्टर आणि लिनक्सवर कॅनडंप (कॅनचे मेसेज दाखवणारा प्रोग्रॅम) एवढ्यात भागतं. आधी ॲडॉप्टर न लावता एकच बोर्ड जोडून मेसेज पाठवा. ॲक (मेसेज मिळाल्याची पोच) द्यायला कोणीच नसतं, तरी एरर काउंटर १२८ ला अडकतो आणि बस-ऑफ (बोर्ड स्वतःच लाइनवरनं बाजूला होणं) होत नाही. मग दुसरा बोर्ड जोडून कॅन हाय आणि लो शॉर्ट करा आणि काउंटर २५५ च्या वर जाऊन बस-ऑफ कसं होतं ते बघा.