घरातलं माणूस दुसऱ्याच्या चुकीमुळे गेलं, तर भरपाईच्या दाव्यात या चुका टाळा

माझा मावसभाऊ गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. रात्रपाळी संपवून शिरोड्याला घरी येताना बोरीच्या उतारावर एका टेंपोनं त्याच्या दुचाकीला ठोकरलं आणि तो जागच्या जागी गेला. गोष्ट 2011 ची. पोलीस आले, पंचनामा झाला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शवचिकित्सा झाली, टेंपोवाल्याला अटक झाली. बाराव्याला जमलेले सगळे म्हणाले, "केस चालू आहे, आता कोर्ट काय ते बघेल." मावशी आणि वहिनी तीन वर्षं वाट बघत राहिल्या. मग घराच्या कागदपत्रांसाठी फोंड्याला वकिलाकडे गेलो, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "भरपाईचा दावा कुठपर्यंत आला?" दावा कुणी घातलेलाच नव्हता.

तेव्हापासून अशा घरांसोबत मी कोर्टाच्या पायऱ्या चढतो आहे. मी वकील नाही. पण लोक कुठं अडकतात ते बरंच पाहिलं आहे.

पोलिसांची केस ही आपली केस समजणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पोलीस गुन्हा नोंदवतात तो सरकार विरुद्ध चालक असा. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल आता भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं. त्यात चालकाला शिक्षा होईल किंवा होणार नाही, पण घराला भरपाई मिळण्याची वाट वेगळी आहे. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कुटुंबाला स्वतःचा अर्ज घालावा लागतो. चालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला म्हणून हा दावा आपोआप पडत नाही, कारण इथं पुराव्याची कसोटी सौम्य असते. "आधी तो निकाल लागू दे" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

भरपाईवर व्याज मिळतं ते साधारणपणे अर्ज घातल्याच्या तारखेपासून. आमच्या वहिनीचं तीन वर्षांचं व्याज असंच गेलं. आणि ती तरीही नशीबवान, कारण त्या काळी दाव्याला मुदतीचं बंधन नव्हतं. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज घालायचा अशी अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर एकही महिना घालवू नका.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यावर जाऊन विचारा. तुम्ही विचारता आहात हे कळलं की कागद जरा लवकर हलतात.

चुकीच्या दारात उभं राहणं

रस्त्यावरचा मृत्यू असेल तर न्यायाधिकरण. अपघात पणजीत झाला आणि घर सावंतवाडीला असेल तर गोव्यात खेपा घालायलाच हव्यात असं नाही. अर्जदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो.

रस्ता सोडून इतर कारणांसाठी, म्हणजे विजेची तार पडली, भिंत कोसळली, सुरक्षेची सोय नसलेल्या जागी माणूस दगावलं, तर 1855 चा प्राणघातक अपघात कायदा आजही लागू आहे. मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत दिवाणी दावा घालावा लागतो, आणि तो पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुलं यांच्यासाठीच. 'आईवडील' मध्ये आजीआजोबा येतात, पण भावाबहिणींना या कायद्यात जागा नाही.

गोव्यात वीज खातं हे थेट सरकारचं खातं आहे. म्हणून दाव्याआधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. अनेकांचा दावा इथंच अडखळतो. उघड्या तारेचा धक्का बसून माणूस गेलं तर खात्याची चूक वेगळी सिद्ध करत बसावं लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच स्पष्ट केलं आहे.

खासगी इस्पितळातल्या हलगर्जीपणासाठी ग्राहक आयोग आहे, तिथंही मुदत दोन वर्षांची. सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी इस्पितळाविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं. उपचाराचे कागद लेखी मागा. मागितल्यापासून 72 तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि संशय असेल तर शवचिकित्सा झाल्याशिवाय अंत्यसंस्कार करू नका. हे सांगताना मलाच जड जातं, पण राख झाल्यावर विचारायला काही उरत नाही.

दाव्यातून एखाद्याचं नाव वगळणं

सासू-सुनेचं बिनसलेलं असतं. मुलगा गेल्यावर ते अधिकच चिघळतं. मग सून एकटीच आपल्या मुलांसह अर्ज घालते, सासू बाजूला राहते. याचा हिशेब एकदा नीट पाहा.

समजा, 34 वर्षांचा मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला, कमाई महिना 18,000 रुपये. मागे बायको, दोन मुलं आणि आई. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीसाठी कमाईत 40 टक्के धरतात: 25,200. चार जण अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो: 18,900. वर्षाचे 2,26,800. या वयाला ही वर्षाची रक्कम 16 नं गुणतात. म्हणजे 36,28,800 रुपये. आईचं नाव काढलं की अवलंबून तीनच उरतात, वजावट एक तृतीयांश होते आणि रक्कम येते 32,25,600. चार लाखांहून थोडी जास्त रक्कम रुसव्यापोटी जाते. शिवाय आईला मुलाच्या विरहापोटी मिळणारी वेगळी रक्कमही जाते.

आणखी एक गोष्ट खास गोव्याची. इथं वारसा म्हटलं की लोकांना आधी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, आणि वारसनामा आठवतो. घरजमिनीसाठी ते खरंच आहे. पण न्यायाधिकरणात अर्ज घालायला इन्व्हेंटरी संपायची वाट पाहावी लागत नाही. सहा महिने त्यातच निघून जातात.

कमाईचा पुरावा नाही म्हणून गप्प बसणं

मासे विकणारी बाई, माडाची सूर काढणारा रेंदेर, टॅक्सीवाला, यांच्याकडे पगाराची चिठ्ठी कुठून येणार? बँकेचं पासबुक, पंचायतीचा व्यवसाय परवाना, दूध संस्थेच्या पावत्या, कर्जाचे हप्ते, गाडीची कागदपत्रं, बाजारात शेजारी बसणाऱ्यांची साक्ष, यांतून कमाई उभी करता येते. निव्वळ किमान वेतनावर हिशेब थांबवायला हवा असं नाही. नुसतं घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचंही मोल कोर्ट धरतं. "ती काही कमवत नव्हती" हे वाक्य घरच्यांनी साक्षीत कधीही बोलू नये, कारण ते खरंही नाही.

दुःखाच्या दिवसांत सही करणं

दारात कुणीतरी पाकीट घेऊन येतं. कामावर मृत्यू झाला असेल तर मालकानं भरपाई थेट घरी द्यायची नसते, कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. घरी दिलेले पैसे सहसा भरपाईत धरले जात नाहीत. म्हणून "सगळं मिळालं" अशा कागदावर सही करू नका. त्याला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, होता का तेही विचारा, कारण मग कुटुंबाला दरमहा लाभ मिळतो.

वाहन अपघातात विमा कंपनी पाच लाखांचा प्रस्ताव ठेवते, आणि तो चूक सिद्ध न करता मिळतो. ऐकायला बरं वाटतं. पण तो स्वीकारला की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. वरचा 36 लाखांचा हिशेब आठवा. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपीलही नसतं, तेव्हा तिथं बसण्याआधी आपला आकडा आपल्याला ठाऊक हवा. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर दोन लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. पुढे गाडी सापडली तर दावा करता येतो, हे दोन लाख त्यातून वळते होतात.

भाड्याच्या दुचाकीचा अपघात असेल तर नंबरपट्टीचा फोटो जपून ठेवा. काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं म्हणजे परवान्याची गाडी. पांढऱ्या पट्टीची खासगी गाडी पर्यटकाला भाड्यानं दिली असेल तर विमा कंपनी हात झटकू पाहते, म्हणून चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही दाव्यात ओढा.

शेवाळ्यासारखे चिकटणारे दलाल

इस्पितळाबाहेर "दहा टक्के द्या, बाकी मी बघतो" म्हणणारे भेटतात. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलाला नियमानंच मना आहे. कोऱ्या कागदावर सही नको, वकालतनाम्याची प्रत जवळ ठेवा. मुलांच्या वाट्याची रक्कम बँकेत ठेवीत जाते, ती मोडून घ्यायची घाई करू नका.

पैसे नाहीत म्हणून कुणी थांबलं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. बायकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, 15100 या क्रमांकावर फोनही लागतो. आमच्या वहिनीला हे 2011 मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तिचा निकाल अर्ज घातल्यावर चार वर्षांनी लागला, आणि त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडल्यावर तिनं पहिलं काम केलं ते धाकट्याची थकलेली फी भरण्याचं.