गाडीच्या अपघातात चूक असलेला ड्रायव्हरच मेला, मग भरपाईचा क्लेम कुणावर करायचा?

पोलीस म्हणतात आरोपी मयत, केस बंद, आणि लोकांना वाटतं भरपाईपण गेली. तसं नसतं हो, फौजदारी केस वेगळी आणि क्लेम वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज टाका, गाडीमालक आणि इन्शुरन्स कंपनी दोघांना पार्टी (म्हणजे अर्जात समोरचा पक्ष) करा, अन् ड्रायव्हर स्वतःच मालक असेल तर त्याच्या वारसांना करा, कारण कलम १५५ प्रमाणे विमाधारक मेला तरी दावा मरत नाही (वारस उगाच घाबरतात, त्यांची जबाबदारी वारशात मिळालं तेवढ्यापुरतीच). एफआयआर, पंचनामा, पॉलिसीची कॉपी, हॉस्पिटलची बिलं, कायमचा त्रास राहिला तर अपंगत्वाचा दाखला जोडा. अर्ज तुमच्या राहत्या जिल्ह्यातही चालतो. मुदत मात्र अपघातापासून ६ महिने, पोलिसांच्या कागदांची वाट बघत बसू नका.