अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार परराष्ट्र धोरण पेलेल का, हे कसं तपासायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अमेरिकेच्या अध्यक्षाला देशात साधं विधेयक पास करून घ्यायला काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, नाकदुऱ्या काढाव्या लागतात, पण बाहेर सैन्य पाठवताना त्याला फारसं कुणी अडवत नाही. १९७३ च्या वॉर पॉवर्स कायद्यानुसार ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि मंजुरी नाही मिळाली तर ६० दिवसांनी आवरतं घ्यायचं, तेही दरवेळी नीट पाळलं जात नाही. अण्वस्त्रांचा हुकूम तर तो एकटाच देऊ शकतो. म्हणून इथे जाहीरनाम्याआधी माणसाचा स्वभाव बघायचा.

कारण जाहीरनामा लगेच बदलतो. १९६४ च्या प्रचारात अध्यक्ष लिंडन जॉन्सन सांगत होते की आशियातल्या पोरांची लढाई लढायला अमेरिकन पोरं पाठवणार नाही, आणि मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये दा नांगला उतरले पण.

नावं पाठ आहेत का यावरही जाऊ नका. १९९९ मध्ये एका टीव्ही रिपोर्टरने तेव्हाचे उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश (धाकटे बुश) यांना भारताच्या पंतप्रधानांचं नाव विचारलं, ते सांगता आलं नाही आणि मग खूप दिवस त्यावर हसणं चाललं. नावं आठवड्याभरात पाठ होतात हो! त्याच मुलाखतीत ते पाकिस्तानात नुकतंच बंड करून आलेल्या जनरलबद्दल म्हणाले की हा माणूस स्थैर्य आणेल असं दिसतंय आणि ही चांगली बातमी आहे, माझ्या मते खरं लक्ष या वाक्याकडे जायला हवं होतं, कारण हातात पुरती माहिती नसताना माणूस किती पटकन मत ठोकून देतो ते त्यात दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चूक झाल्यावर तो काय करतो. १९७६ च्या डिबेटमध्ये तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाहीये. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला कानांवर विश्वास बसेना, त्याने परत विचारून सावरायची संधी दिली, तर फोर्डनी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावं घेऊन तेच ठासून सांगितलं आणि पुढचे काही दिवस मागे हटायला तयार नव्हते. जीभ कुणाचीही घसरते, पण तेवढे दिवस अडून बसणं जास्त महागात पडलं.

याच्या उलट केनेडी. एप्रिल १९६१ मध्ये क्युबातलं सरकार उलथवायला बे ऑफ पिग्जला माणसं उतरवली आणि पार फजिती झाली, त्यांनी जाहीरपणे जबाबदारी घेतली आणि यापुढे जनरल मंडळी म्हणतील ते डोळे झाकून ऐकायचं नाही हे मनाशी धरलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा सेनाप्रमुख थेट हवाई हल्ला करा म्हणून मागे लागले होते, पण केनेडींनी समुद्री नाकेबंदी निवडली. मग २७ तारखेला क्युबावर अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं गेलं, पायलट गेला, उलट मारा करायचा दबाव प्रचंड होता, तरी ते थांबले. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची दोन पत्रं आली होती, पहिलं मवाळ, दुसरं कडक, त्यातल्या मवाळ पत्राला उत्तर दिलं आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप कबूल केलं. समोरच्याला माघार घ्यायला वाट ठेवायची आणि त्याचं श्रेय मिरवायचं नाही, हे ज्याला जमतं त्याच्या हातात मी निर्धास्तपणे हा कारभार देईन.

तर प्रत्यक्षात करायचं काय? डिबेट बघण्याऐवजी तिची ट्रान्सक्रिप्ट वाचा, आवाज आणि हावभाव गेले की उत्तरात किती दम आहे ते कळतं. उमेदवार गव्हर्नर किंवा सिनेटर होता ना, मग त्याचा एखादा फसलेला निर्णय शोधा आणि त्यानंतरच्या महिन्याभरातल्या बातम्या वाचा, त्याने दोष कुणावर ढकलला, की माहिती बदलल्यावर मतही बदललं? सिनेटरचं काम तर सोपंच, इराकवर हल्ल्याची परवानगी देणाऱ्या २००२ च्या ठरावासारखं मतदान कायमचं रेकॉर्डवर असतं, त्या वेळचं भाषण आणि पाच वर्षांनंतरचं भाषण शेजारी ठेवून वाचा. त्याच्या हाताखालची माणसं किती टिकली, तोंडावर नाही म्हणणारा एक तरी सल्लागार जवळ उरलाय का, हेही बघा. आणि हे सगळं आधी स्वतःच्या आवडत्या उमेदवारावर करा, कारण तिथेच आपण सगळ्यात जास्त सूट देतो.